रजिस्ट्रेशन फी मागणारा "यूएन"वाला आणि आपली पावसाळी खरेदी

पोस्ट लांब आहे. पण तळोजा, कळंबोली, जेएनपीटी रोड या पट्ट्यात ज्यांचं गोदाम, वर्कशॉप किंवा ट्रान्सपोर्ट आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या दोन महिन्यांत तीन ओळखीच्या उद्योजकांनी मला एकच प्रश्न विचारला. त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता. "यूएन मायग्रेशन" नावाच्या संस्थेला ताडपत्र्या, ब्लँकेट, सोलर दिवे हवेत, ऑर्डर कोट्यवधींची, आणि "व्हेंडर रजिस्ट्रेशन"साठी अमुक हजार भरा. एकाने भरले. त्याचं नाव सांगणार नाही, आधीच घरात बोलणी खातोय. दुसऱ्याने माझ्यासमोरच मेसेज डिलीट केला आणि म्हणाला, "भाऊ, हे यूएन-बियूएन सगळं थोतांड असतं."

दोघांचंही चुकलं. पहिल्याचं कुठे चुकलं ते उघड आहे. दुसऱ्याचंही चुकलं, कारण संस्था खरी आहे, खरेदीही खरी आहे. खोटी आहे ती फक्त फी.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, म्हणजे आयओएम. १९५१ साली, दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या युरोपातल्या लोकांना हलवण्यासाठी सुरू झाली. मुख्यालय जिनिव्हात. भारत २००८ पासून सदस्य आहे आणि २०१६ मध्ये संस्था संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात आली. भूकंप, पूर, युद्ध यामुळे माणसं उघड्यावर आली की त्यांच्या छावण्या, निवारा, प्रवास ही कामं ती बघते. बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्यांच्या छावण्यांत सरपणासाठी डोंगर बोडके होऊ लागले, तेव्हा २०१८ पासून घरोघर गॅस सिलिंडर पोचवण्याच्या कामात हीच संस्था होती. आता सिलिंडर, शेगड्या, ताडपत्र्या, ट्रक हे सगळं कोणाकडून तरी विकतच घ्यावं लागतं ना!

ते घेतात कसं? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची मिळून एक बाजारपेठ-साइट आहे, यूएन ग्लोबल मार्केटप्लेस. तिथे पुरवठादार म्हणून नोंदणी फुकट. निविदेचा अर्ज फुकट, मुलाखत फुकट, सगळं फुकट. कोणत्याही टप्प्यावर पैसे मागितले की समजा फसवणूक. ई-मेल जीमेलवरून आला तरी तेच समजा. संस्थेचा पत्ता आयओएम डॉट आयएनटी असा संपतो. एवढं एक वाक्य पाठ केलं असतं तर त्या बिचाऱ्याचे पैसे वाचले असते.

खरेदी लहान असेल तर चार ठिकाणचे दर मागवतात. मोठी असेल तर सीलबंद निविदा. गुंतागुंतीचं काम असेल तर तांत्रिक प्रस्ताव वेगळा, दराचा वेगळा, आणि तांत्रिक बाजू आधी तपासतात. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी बसलेला शब्द आहे "एल-वन", सर्वात कमी दराचा. तिकडे भाषा आहे ती पैशाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या एकूण किमतीची. माल टिकेल का, वेळेत पोचेल का, वाहतूक धरून खर्च किती, हे सगळं त्यात मोजतात. पावसाळ्यात दोन आठवड्यांत फाटणारी ताडपत्री स्वस्त नसते, हे पनवेलकराला वेगळं सांगायला नको. वर पुरवठादारासाठी आचारसंहिता आहे. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, अधिकाऱ्याला भेटवस्तू नको. दोषी ठरलात तर संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांचे दरवाजेही बंद होऊ शकतात.

म्हणजे तिकडे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही हं. इराकच्या "तेलाच्या बदल्यात अन्न" योजनेवरचा व्होल्कर समितीचा अहवाल २००५ मध्ये आला. दोन हजारांहून जास्त कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला छुपे पैसे दिल्याचं त्यात होतं आणि त्या वादळात आपल्या नटवरसिंहांचं परराष्ट्र खातं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्याच खरेदी खात्यातल्या एका भारतीय अधिकाऱ्याला २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने लाचखोरीत दोषी ठरवलं. आजचे बरेच नियम असल्या ठेचा लागून घट्ट झालेत.

आणि आणखी एक गोष्ट, जी हौसेने उडी मारणाऱ्याने आधी विचारात घ्यावी. वाद झाला तर पनवेल कोर्टात दाद मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांना कायदेशीर संरक्षण आहे, लवादाकडे जावं लागतं. शिवाय हा पैसा देणगीदार देशांचा. २०२५ मध्ये अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा आयओएमला हजारो कर्मचाऱ्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ज्याचा सगळा धंदा असल्या एका ग्राहकावर उभा असेल त्याची झोप उडणारच. संयुक्त राष्ट्रांना माल विकणाऱ्या देशांत भारत वरच्या रांगेत आहे, पण त्यातला मोठा वाटा औषधं आणि लसींचा. तळोज्यातल्या पत्र्याच्या शेडमधला लहान कारखानदार तिथे अजून फारसा दिसत नाही. कागदपत्रं सगळी इंग्रजीत, मागच्या वर्षांचे ताळेबंद मागतात, आधीच्या ग्राहकांचे दाखले मागतात. हे अडथळे खरे आहेत.

पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाचलेल्यांना चौकला कंटेनरच्या घरांत ठेवलं, पक्की घरं सिडकोने नंतर बांधली. त्याआधी २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळिये. त्याआधी २६ जुलै २००५, गाढी नदी शहरात घुसली ते आपल्यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. रायगडात जुलै कोरा जाईल असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकतं का?

मग ब्लँकेट, ताडपत्री, कंटेनर, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं यांचे दर मे महिन्यातच ठरलेले का नसावेत? आयओएमसारख्या संस्था नेमकं हेच करतात. पुरवठादाराशी आधीच दीर्घ मुदतीचा करार, दर ठरलेला, नमुना पास झालेला. संकट आलं की फक्त आकडा कळवायचा. काही माल तर आधीच गोदामात भरून ठेवतात. आपत्ती आल्यावर घाईत केलेली खरेदी महाग पडते, आणि "तातडीची बाब" या दोन शब्दांखाली काय काय झाकलं जातं हे सरकारी फायली चाळलेल्या कुठल्याही पत्रकाराला ठाऊक असतं.

आपल्याकडे दरकरार नावाची सोय कागदावर जुनी आहे. २०१६ पासून जेम पोर्टल आहे, ई-निविदा आहे. गंमत म्हणजे त्याच २०१६ च्या १ ऑक्टोबरला आपली महापालिका झाली, म्हणजे ती आणि जेम एकाच वयाचे. साधनं नाहीत असं नाहीच. मला हवंय ते एवढंच की जिल्हा प्रशासन, महापालिका आणि सिडको यांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून आपत्तीच्या मालाचे दरकरार करावेत आणि कोणाकडून काय, किती दराने, ते मराठीत वेबसाइटवर टाकावं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ वाचा. मागायची वाट न बघता माहिती जाहीर करा, असं ते २००५ पासून सांगतंय. यूएनच्या साइटवर दिलेल्या कंत्राटांची माहिती मी घरबसल्या बघू शकतो. गावातल्या टँकरच्या बिलासाठी मात्र अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस.

दुसरं, पैसे. यूएनच्या करारांत माल आणि बिल बरोबर असेल तर साधारण ३० दिवसांत पैसे देण्याची अट असते. आपल्याकडे एमएसएमई कायदा २००६ चा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. (नुसत्या ट्रेडिंगवाल्याला हे संरक्षण नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्याला आहे.) १ एप्रिल २०२४ पासून खासगी खरेदीदाराला आयकरातही चिमटा बसतो, पैसे थकवले तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. पण सरकारी कार्यालय कुठे आयकर भरतंय? म्हणून तिथलं बिल आरामात लोळत पडतं. आणि पैसे कधी येणार हे माहीत नसलेला पुरवठादार काय करतो? उशिराचं व्याज आधीच दरात घालतो, नाहीतर माल हलका देतो. ते व्याज आपल्या घरपट्टीतून जातं.

या विषयावर स्थानिक अधिकाऱ्यांना लेखी प्रश्न पाठवतोय. उत्तरं आली की इथेच टाकीन, नाही आली तर तेही टाकीन. ज्यांना तो फीवाला मेसेज आलाय त्यांनी स्क्रीनशॉट इनबॉक्स करा, आणि पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.