स्पेलिंग चुकते, अक्कल नव्हे

अर्जात 'सेपरेट'चे स्पेलिंग चुकलेले दिसले की काही साहेबांच्या ओठांवर एक ठरावीक हसू येते. अर्जदाराचे आडनाव 'त्यातले' असेल तर विचारायलाच नको. 'आरक्षणवाले असेच!' हा निकाल तिथल्या तिथे लागतो. एका अक्षरावरून नेमके काय सिद्ध झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

'सेपरेट'च्या मधल्या 'ए'च्या जागी 'ई' टाकण्याची चूक इंग्रजांची पोरेही करतात, कारण बोलताना ते अक्षर धड ऐकूच येत नाही. 'गव्हर्नमेंट'मधला 'एन' तोंडात गिळला जातो. आपली देवनागरी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालते. त्या लिपीत शिकलेले मूल ऐकले तसे लिहिते, म्हणजे डोके वापरूनच लिहिते! खोट इंग्रजी स्पेलिंगच्या इतिहासात आहे.

'डेट' म्हणजे कर्ज. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांनी मूळ 'डेबिटम' आहे हे दाखवण्यासाठी तो घुसडला. उच्चार तसाच राहिला. 'रिसीट'मधल्या 'पी'ची कथा हीच. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. पंडितांचा गैरसमज झाला तर तो नियम, आणि गरिबाच्या पोराने तो मोडला तर अडाणीपणा! ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तर लेखनाच्या नियमांनाच 'शुद्धलेखन' म्हणतात. शुद्ध-अशुद्ध ठरवण्याची खोड वहीतही शिरली, दुसरे काय?

1992 साली अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल एका शाळेत गेले. एका मुलाने फळ्यावर 'पोटॅटो' बरोबर लिहिले होते. क्वेलसाहेबांनी त्याला शेवटी 'ई' जोडायला लावला. जगभर हसे झाले. पण त्यावरून साऱ्या गोऱ्यांच्या बुद्धीवर कोणी शंका घेतली नाही. त्यांची चूक एकट्या माणसाची राहिली. आमच्या पोराची चूक मात्र जातीच्या खात्यावर मांडली जाते.

चुकीतून कळते ते वेगळेच. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येत होते का, शब्दकोश होता का, वही तपासायला कोणी शिकलेले होते का, हे कळते. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्याआधी आपल्या पोरांना ए-बी-सी-डी भेटायची पाचवीत, कॉन्व्हेंटच्या पोराला बालवाडीत. आधी दार बंद ठेवायचे, मग आत काय आहे ते माहीत नाही म्हणून हिणवायचे! बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे आपण विसरलेलो नाही.

म्हणून स्पेलिंग सोडून द्या, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. हसणारा साहेब अजून खुर्चीवर आहे. मोबाइल चूक दुरुस्त करून देतो, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तो नेता येत नाही. वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडांची चळत असते, पण बरा इंग्रजी शब्दकोश क्वचितच दिसतो. तो आणा. ज्या शब्दांवर पोरे अडतात ते दर आठवड्याला फळ्यावर लिहा, आणि कोण चुकले त्याचे नाव लिहू नका.