घास कुणाच्या हातचा?

‘मतिमंद पोराला भरवलं की पुण्य लागतं’ म्हणणाऱ्यांचं पुण्य एकदा तपासा, दोस्तांनो. मान मागं ओढायची, तोंडात खिचडी कोंबायची, तोंड पुसायचं, पुढच्याकडं वळायचं. दहा मिनिटांत पंगत मोकळी. रजिस्टरात नोंद झाली. पोरगं मात्र बारा वर्षांचं होऊनही चमचा धरायला शिकलं नाही. मग हेच म्हणणार, त्याला जमतच नाही!

बाबासाहेब शाळेत होते तेव्हा नळाला हात लावायची बंदी. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नाही तर कोरडा घसा. म्हणजे पाणी होतं, हात बांधलेला होता. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यात कुणाची ओंजळ बुडाली, ते तुम्हांला सांगायला नको. तिथलं कारण वेगळं, इथलं वेगळं, मान्य. हाताची किंमत तीच.

28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टानं शाळेत शिजवलेलं जेवण द्या म्हटलं. ताट आलं. ताटापासून तोंडापर्यंतच्या हातभर वाटेचं काय? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा गरजेप्रमाणं आधार द्या म्हणतो. कागद झकास आहे.

अन् हे शिकवायला परदेशी मशीन लागत नाही. पोराचे पाय टेकलेले हवेत, टेकत नसतील तर खाली पाट द्या. पाय लोंबकळले की धड सावरण्यातच जोर जातो. चमच्याच्या दांड्याला धुतलेली सायकलची ट्यूब गुंडाळा, पकड बसते. उभ्या काठाची थाळी, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. त्याच्या हातावर हात ठेवून घास ओठाजवळ न्या, शेवटची बोटभर वाट त्याला जाऊ द्या. ती जमली की थोडं अलीकडं हात सोडा. शेवटाकडून सुरुवातीकडं शिकवायचं, म्हणजे घास तोंडात घालणारा दरवेळी तोच. सांडेल. सांडू द्या. कुणाला आठवडे लागतील, कुणाला वर्षं. ज्याला जेवताना सारखा ठसका लागतो त्याला आधी डॉक्टरला दाखवा. मान मागं टाकून तर कुणालाच भरवू नका, घास श्वासनळीत जातो.

हेडमास्तर म्हणतील, माणूस कुठंय? खरंय. पण हे ओझं स्वयंपाकीण मावशीच्या तुटपुंज्या मानधनावर टाकू नका. जादा माणूस मागा, जेवणाला जादा वेळ मागा. निवेदनात स्कॉलरशिपच्या खाली हे कलम लिहा.

आणि शाळेत जाऊन बघा, ते पोरगं पंगतीत आहे की भिंतीशी एकटं. सांडतं म्हणून वेगळं बसवलं, असं सांगतील. वेगळ्या पंगतीची कारणं आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलीत. त्याची थाळी उचला, त्याला मधे बसवा, मग बोलायला लागा.