पाव टक्का महागाई आणि महिनाअखेरची ओढाताण

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर होता 0.25 टक्के. म्हणजे फक्त पाव टक्का! 2012 हे पायाभूत वर्ष धरून काढल्या जाणाऱ्या मालिकेतला हा सर्वांत कमी आकडा. बरोबर एक वर्ष आधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, हाच दर 6.21 टक्के होता. कागदावर बघितलं तर घरोघरी हायसं वाटायला हवं होतं. पण हा आकडा घरी मोठ्यानं वाचून दाखवा. ‘कुठल्या मंडईत जातात रे हे लोक?’ असा प्रश्न आला नाही तर नवल.

मग आपण ठरवून टाकतो, एक तर सरकार खोटं बोलतंय, नाहीतर आईला कुरकुर करायची सवयच आहे. पण दोघांचंही खरं असू शकतं. कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सरकारी आकडा सांगतो, भाव किती वेगानं वाढले. घर सांगतं, महिना कसा निघाला. या दोन हिशोबांमध्ये एक फट आहे आणि ती कुणीतरी रोज भरून काढतं. ती कोण भरतं, हे समजलं तर महागाईची बातमी वाचायची पद्धतच बदलेल.

दर उतरला, भाव नाही

आधी साधं गणित. महागाईचा दर नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या वर्षभरात 42 टक्क्यांनी महागल्या होत्या. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या साधारण साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. आता समजा, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या घरची आठवड्याची भाजी 100 रुपयांत येत होती. 2024 मध्ये तीच 142 रुपयांना पडली. 2025 मध्ये ती साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरून आली 103 रुपयांवर.

म्हणजे बातमीत ‘भाज्या मोठ्या प्रमाणात स्वस्त’, आणि घरात मात्र दोन वर्षांपूर्वी जिथे होतो तिथेच. मधल्या काळात जे जास्तीचे पैसे गेले, ते भिशीच्या हप्त्यातून, पोस्टाच्या आरडीतून किंवा दुकानदाराच्या उधारीतून आले असतील. भाव खाली आले म्हणून ते कुणी परत करत नाही. मागच्या वर्षीचा आकडा फुगलेला असला की यंदाचा आपोआप बारीक दिसतो. अर्थशास्त्राच्या वर्गात याला ‘बेस इफेक्ट’ म्हणतात.

सरासरीचं ताट

दुसरी गोष्ट, हा दर सरासरी असतो. त्याच ऑक्टोबरमध्ये भाज्या आणि डाळी उतरल्या होत्या, पण खाद्यतेलाच्या गटाची महागाई 11 टक्क्यांच्या वर होती. शिक्षण आणि आरोग्याचा खर्चही साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास वाढत होता. एका बाजूनं उणे, दुसऱ्या बाजूनं अधिक आणि बेरीज पाव टक्का. आता ज्या घरात कॉलेजची फी, आजोबांची औषधं आणि तेलाचा डबा एकाच महिन्यात येतो, त्या घराला स्वस्त पालकाची जुडी किती वाचवणार?

सरासरी काढताना कुठल्या खर्चाला किती वजन द्यायचं, हे कुटुंबांच्या खर्चाच्या सर्वेक्षणावरून ठरतं. 2023-24 च्या सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 रुपये आणि शहरी भागात 6,996 रुपये निघाला. यात मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरलेली नाही. त्यातला खाण्यापिण्यावरचा वाटा गावात 47 टक्के, शहरात जवळपास 40 टक्के. फेब्रुवारी 2026 पासून याच सर्वेक्षणावर आधारलेली, 2024 हे पायाभूत वर्ष असलेली नवी मालिका सुरू झाली. जुन्या यादीतून व्हीसीआर आणि टेपरेकॉर्डर गेले, ओटीटीचं सबस्क्रिप्शन आलं. बदल गरजेचाच होता, कारण आधीची वजनं 2011-12 च्या खर्चावरून ठरलेली होती.

पण नव्या मालिकेत खाद्यपदार्थांचं वजन 45.86 वरून 36.75 टक्क्यांवर आलं आहे. हॉटेल-खानावळीतलं जेवण वेगळ्या गटात गेल्यामुळेही त्यातली काही घट दिसते. तरी मुद्दा उरतोच. ज्या घराचा निम्मा पैसा आजही किराणा आणि भाजीतच जातो, त्या घराचं ताट आणि सरासरीचं ताट यांतलं अंतर वाढलं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घराचा महिन्याचा खर्च 20,000 रुपये, त्यातले 10,000 खाण्यावर. दुसऱ्या घराचा खर्च एक लाख, त्यातले 25,000 खाण्यावर. खाणं 10 टक्क्यांनी महागलं तर पहिल्या घराचा खर्च 5 टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्याचा अडीच टक्क्यांनी. बाजार तोच आणि भाववाढही तीच, पण पहिल्या घराला झळ दुप्पट. उत्पन्न जितकं कमी तितका खाण्यावरचा वाटा जास्त, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवून दिलं होतं.

स्वस्ताई कुणाच्या शेतातून येते?

हॉस्टेलवर राहणाऱ्या अनेकांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आपण शहरात खाणारे, घरचे गावात पिकवणारे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. तेल महागलं. पण 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक शेतकऱ्यांना बाजारात त्याहून कमी भावात माल द्यावा लागला. पुढे मे 2025 मध्ये ते शुल्क निम्म्यानं कमी झालं. कांद्याचंही तसंच. शहरात भाव आटोक्यात राहावेत म्हणून डिसेंबर 2023 ते मे 2024 या काळात निर्यातबंदी होती आणि नाशिक जिल्ह्यातल्या घरांचं बजेट त्यात कोलमडलं.

म्हणजे लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलीची मेस परवडते त्याच महिन्यात तिच्या घरून येणारे पैसे आटू शकतात. ‘महागाई कमी झाली’ हे वाक्य तिच्यासाठी आनंदाचं की काळजीचं, हे पाव टक्क्यावरून कळत नाही.

काटकसरीचं बिल

मग ही ओढाताण घरं निभावतात कशी? उत्तर आपल्याला माहीत असतं, फक्त आपण त्याला अर्थशास्त्र म्हणत नाही. आधी फळं कमी होतात. मग दुधाची एक पिशवी. मग पनीरऐवजी हरभऱ्याची उसळ. बाजार उठायच्या वेळी गेलं की भाजी स्वस्त मिळते. तयार पिठाऐवजी गहू आणून, निवडून, गिरणीतून दळून आणले की चार पैसे वाचतात. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा, उसवलेल्या शर्टाला घरीच टाके.

हे सगळं कौतुकानं ऐकलं जातं. पण यातल्या प्रत्येक ओळीत वाचलेल्या पैशांच्या बदल्यात कुणाचा तरी वेळ गेलेला आहे. कुणाचा? 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात आणि अशी कामं करणारे पुरुष 88 मिनिटं. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त विरुद्ध दीड तासापेक्षा कमी. हे काम जीडीपीत धरलं जात नाही आणि महागाईच्या निर्देशांकात त्याला जागाच नाही. तयार इडलीचं पीठ महागलं तर निर्देशांकात दिसतं. ते परवडत नाही म्हणून आई रात्री डाळ-तांदूळ वाटायला बसली, तर तिच्या वेळेची कुठेच नोंद होत नाही.

मघाची फट भरून निघते ती इथे. शिवाय ज्यांच्याकडे द्यायला वेळही नाही, म्हणजे दिवसभर मजुरी करून संध्याकाळी घरी येणारी बाई, तिला स्वस्तात घर चालवणंही परवडत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण अंथरूण रोज ठिगळं लावून पुरवायचं, तर शिवायला बसणारं माणूसही मोजायला हवं.

आपला काय संबंध?

आहे, आणि थेट आहे. या आकड्यांवर निर्णय होतात. किरकोळ महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे. ती खाली गेल्यामुळे 2025 या वर्षात रेपो दर 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आला. ज्यांच्या डोक्यावर बँकेचं गृहकर्ज आहे, त्यांना फायदा. किराणा दुकानातल्या उधारीला मात्र रेपो दर लागू होत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाशी बांधलेला आहे. जुलै 2025 पासून तो 58 टक्के झाला. दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या पगाराला किंवा घरखर्चाला म्हणून आईच्या हातात ठेवल्या जाणाऱ्या रकमेला असा कुठलाही निर्देशांक जोडलेला नाही. लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून लागू झाली, तिचे महिना 1,500 रुपयेही भावांबरोबर आपोआप वाढत नाहीत.

त्यामुळे पुढच्या महिन्यात महागाईची बातमी आली की तीन गोष्टी बघा. मागच्या वर्षी याच महिन्यात दर किती होता? कुठला गट उतरला आणि कुठला चढला? आणि आपल्या घरात खाणं, फी, भाडं, औषधं यांचं वजन किती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. त्यासाठी फोनमध्ये एक साधी शीट उघडा. तेल, तूरडाळ, दूध, गॅस, भाजी, मेस, बसचा पास, असे दहा-बारा खर्च. दर महिन्याला भाव लिहा. सहा महिन्यांत तुमच्या घराचा स्वतःचा निर्देशांक तयार होईल.

त्या शीटमध्ये एक रकाना मात्र मिनिटांचा ठेवा. हे पैसे वाचवायला कुणाला किती वेळ लागला, तेही लिहा. एकाच नावापुढे सगळी मिनिटं जमा होताना दिसली, तर पुढच्या रविवारी गिरणीत कुणी जायचं हे ठरवायला अर्थतज्ज्ञाची गरज पडणार नाही.