कर शून्य, मग रिटर्न कशाला? कलाकारांच्या हिशेबाचा प्रश्न

लग्नसराईत मेहंदी काढणाऱ्या मुली, शादीचे व्हिडिओ करणारे तरुण, गोवंडी-धारावीतले जरदोजीचे कारागीर, उर्दू खुशखती करणारे कातिब, सिनेमासाठी संवाद लिहिणारे, एडिटिंग करणारे. आपल्या समाजात कलेवर घर चालवणारे कमी नाहीत. यातल्या बहुतेकांचे म्हणणे एकच असते, "आमची कमाई ती केवढी, आम्हाला इन्कम टॅक्सचं काय?" आमच्या मते हीच समजूत त्यांना सर्वांत महाग पडते.

2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत खर्च वजा जाता 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पण कर शून्य म्हणजे रिटर्न नको, असे नव्हे. उत्पन्न 4 लाखांवर गेले की रिटर्न भरावेच लागते. त्याहून कमी असले तरी न भरण्यात नुकसान आपलेच आहे.

एक हिशेब पाहू. चित्रपटांच्या एका एडिटरला कंपन्यांकडून वर्षाला 6 लाख मिळाले. व्यावसायिक फी म्हणून 10 टक्के, म्हणजे 60 हजार रुपये, टीडीएस आधीच कापला गेला. सिनेकलावंतांना कलम 44एडीएनुसार निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. नफा झाला 3 लाख, कर शून्य. कापलेले 60 हजार परत मिळायला हवेत, पण रिटर्न भरले तरच! पॅन दिला नसेल तर कपात 20 टक्क्यांपर्यंत जाते.

मेहंदी किंवा जरदोजीचे काम साधारणपणे धंद्यात मोडते. तिथे कलम 44एडी लागू होते. रोखीच्या जमेवर किमान 8 टक्के आणि बँक-यूपीआयने आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा धरला जातो. इथेच अनेकजण फसतात. 8 लाखांच्या कामावर प्रत्यक्षात साडेपाच लाख सुटत असताना कागदावर 50-60 हजार नफा दाखवतात. उद्या दुकानासाठी किंवा मशीनसाठी अर्ज केला की बँक मागची दोन-तीन रिटर्न मागते आणि त्या आकड्यावर फाइल परत पाठवते. कायद्यातले टक्के ही किमान मर्यादा आहे, जास्त सुटले तर जास्त दाखवायचे असते. साडेपाच लाख दाखवले तरी कर शून्यच. मग लपवून मिळवले काय?

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, अंदाजित नफ्याची सोय मात्र कायम आहे. सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या जमेपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. ज्यांचा कर खरोखर निघतो, त्यांनी अंदाजित नफ्याच्या योजनेत अग्रिम कर 15 मार्चपर्यंत एकरकमी भरावा, नाहीतर व्याज बसते.

जकात दिली म्हणजे कर भागला, असेही काहीजण मानतात. दोन्ही हिशेब वेगळे आहेत. जकात निसाबाएवढ्या शिल्लक संपत्तीवर असते, आयकर वर्षाच्या कमाईवर. गरजूच्या हातात दिलेल्या जकातीवर करसवलत नाही. 80जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ती आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि रोख देणगी 2 हजारांपेक्षा जास्त असेल तर तीही नाही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. रमजानमध्ये जकातीचा पै-पैचा हिशेब करणारा समाज धंद्याची वही ठेवू शकत नाही, हे आम्हाला पटत नाही. कामासाठी वेगळे बँक खाते, खर्चाची बिले आणि दरवर्षी एक खरे रिटर्न एवढे पुरे. मोहल्ल्यातल्या सीए आणि कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी जुम्याच्या नमाजनंतर तासभर बसून हे काम करून दिले, तर अनेक घरांची हलाल कमाई कागदावर येईल आणि हक्काचे पैसेही परत येतील.