वर्गमित्राला लिहिलेले पत्र

पहिले महायुद्ध शेवटाकडे आले होते. १९१८ साली फ्रान्समधले बहुतेक हिंदी घोडदळ इजिप्तमार्गे पॅलेस्टाइनच्या आघाडीवर नेण्यात आले. त्यात मुसलमान सवार पुष्कळ होते आणि समोर फौज होती तुर्की खलिफाची. १ ऑक्टोबरला दमास्कस पडले, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानने शस्त्रसंधी केली. अशा दिवसांत एखाद्या सवाराच्या मनात जे चालले असेल, ते त्याने लिहावे कोणाला?

अम्मी-अब्बांना तो ‘खैरियत आहे, दुआ करा’ एवढेच कळवणार. भीती, पेच, गेलेला सोबती हे सारे सांगायला शेजारी बसून पाटी गिरवलेला दोस्तच हवा.

पण बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. पत्र लिहायला दुसरा, गावी वाचून दाखवायला तिसरा. वाटेत लष्कराचे सेन्सॉर खाते होतेच. त्याची नजर चुकवायला फ्रान्समधले शिपाई हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत. त्या खात्याने इंग्रजीत करून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नवल असे, की ज्याने पत्रे चोरून वाचली त्याच्याचमुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली.

त्या पत्रांत आणखी एक गोष्ट सापडते. फ्रान्समधल्या शिकलेल्या बायका पाहून काही शिपायांनी घरी लिहिले, की आपल्या मुलींनाही शिकवा.

असे लिहिण्याइतके त्यांना अक्षराचे मोल कळले होते. दोघे वर्गमित्र वाचू-लिहू शकत असतील तरच निदान गावात त्यांच्यामध्ये तिसरा कोणी येत नाही. शाळेने दिलेली ही मोकळीक आपण फारशी मोजत नाही.

आम्ही शिक्षक पालकसभेत पाहतो. एखादी आई मुलाच्या तक्रारीची चिठ्ठी त्याच मुलाकडून वाचून घेते, आणि तो त्यात काय वाचतो ते त्यालाच ठाऊक! घरातल्या दादीला बँकेचा कागद शेजाऱ्याला दाखवावा लागतो. आपली गोष्ट आपल्यापुरती ठेवण्याचा हक्क त्यांनाही आहे.

या महिन्यात आपल्या घरातल्या अशा एका माणसाला सही शिकवून थांबू नका. स्वतःचे पत्र स्वतः वाचता येईल, इथपर्यंत त्याला न्या.