दासव्यात रात्री इंजेक्शन कोण देणार?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. कोंडी नसेल (म्हणजे पहाटे चार वाजता) तर तिथून अर्ध्या तासात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची सोय) असलेले मोठे रुग्णालय गाठता येते. दुसऱ्या टोकाला मोसे खोरे आहे: दासवे, मुगाव, धामणओहोळ आणि त्यांच्या मधोमध लवासा. तालुका एक, तहसील कचेरी एक. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचण्याची शक्यता मात्र दोन टोकांना दोन तऱ्हेची.

लवासाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर, सुमारे २५ हजार एकरांवर, तीन लाख वस्तीचे शहर उभे राहणार होते. आराखड्यात अपोलोचे रुग्णालय होते आणि निवृत्तांसाठी खास वसाहतही होती. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये १,८१४ कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी ती अमलात येईना म्हणून कंपनी कायदा लवादाने रद्द केली. कागदावर शहराचे काहीही होवो, माणसे तिथे राहतातच. वसाहतीतले आजी-आजोबा आहेत, विद्यापीठाच्या आवारातली मुले आहेत, हॉटेलांतले कामगार आणि रखवालदार आहेत, शनिवार-रविवारचे पर्यटक आहेत. या सगळ्यांच्या आधीपासून असलेली धनगरांची आणि कातकऱ्यांची घरे आहेत. हृदय सगळ्यांनाच आहे.

आता घड्याळ लावून पाहू. रात्री अकरा वाजता एखाद्याच्या छातीत कळ येते. पहिले निदान घरातच होते: पित्त झालंय, ओवा खा, जरा पडून राहा. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ या भारतीय पाहणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे निघाला. सहा तास! रुग्णालयात गेल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळायला ५० मिनिटे लागली होती. उशीर कुठे होतो हे या दोन आकड्यांतच दिसते.

समजा, घरचे शहाणे निघाले आणि लगेच गाडी काढली. टेमघरचा घाट, मुठा, पिरंगुट, मग भूगाव-भुकूमची ती प्रसिद्ध रांग. चांदणी चौक पार करून रुग्णालयाच्या दारात पोहोचायला दीड ते दोन तास. पावसाळ्यात तेही सांगता येत नाही. जुलै २०२४ मध्ये लवासातच दरड बंगल्यांवर आली होती. दारात पोहोचल्यावर केसपेपर, ईसीजी, नातेवाइकांची सही, कॅथलॅबचे लोक घरून येणे. वैद्यकशास्त्राचा नियम सांगतो की निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर तिची वाट पाहू नका. आहे तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्या आणि मग पुढच्या ३ ते २४ तासांत अँजिओग्राफीला न्या. या हिशेबाने मोसे खोऱ्यातला रुग्ण सरळ इंजेक्शनच्या गटात बसतो. त्याला पुण्यातल्या उत्तमातल्या उत्तम स्टेंटची गरज दुसऱ्या दिवशी आहे, रात्री अकराला नाही.

म्हणून ‘लवासात हृदयरोगतज्ज्ञ नाही’ ही तक्रार मला मुद्द्याला सोडून वाटते. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन एमडी, तीन डीएम. एवढे शिकलेला माणूस मुगावात येऊन बसणार नाही, आणि बसला तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग होणार नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. आणि ही तूट आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत जवळपास निम्म्या काउंट्यांमध्ये एकही हृदयरोगतज्ज्ञ नाही, असे तिथल्याच अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवले.

तज्ज्ञाची नजर दूर पाठवण्याचे तंत्र तसे जुनेच आहे. ईसीजीचे जनक आइंथोव्हेन यांनी १९०५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला होता. आज तेच मोबाइलवरून होते. आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाने ‘स्टेमी’ (म्हणजे मोठा हृदयविकाराचा झटका) प्रकल्पात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अशी ईसीजी यंत्रे बसवली. आलेख जातो, संगणक तो आधी चाळतो, तज्ज्ञ त्यावर नजर टाकतो आणि काही मिनिटांत अहवाल परत येतो. हे काम चांगले आहे. तज्ज्ञांच्या तुटवड्यावर तंत्रज्ञानाने खरोखर उत्तर शोधले असेल तर ते इथे.

पण अहवाल आला, त्यावर ‘मोठा अटॅक’ असे लिहून आले, पुढे काय? पुढे सलाइन लावणारी सिस्टर हवी, मॉनिटरवर बसणारे कुणी हवे, आणि ‘देतो मी इंजेक्शन’ म्हणणारा वैद्यकीय अधिकारी हवा. इथे गाडी अडते. बहुतेक ठिकाणी अहवाल हातात घेऊन रुग्णाला ‘पुढे’ पाठवले जाते. पुढे म्हणजे पुण्याला.

याला भित्रेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. या इंजेक्शनने शंभरात साधारण एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आधी पक्षाघात झाला असेल, नुकती मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते सहसा देता येत नाही. रात्री घाबरलेल्या नातेवाइकांकडून ही माहिती काढायची असते. इंजेक्शन दिल्यावर रुग्ण दगावला तर ‘सुई टोचली आणि माणूस गेला’ असे गाव म्हणणार. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, पण रात्री दोन वाजता दवाखान्यात कायदा हजर नसतो. उलट रुग्णाला पुढे पाठवले आणि तो टेमघरच्या घाटात गेला, तर कुणी कुणाला विचारत नाही. ‘नशिबात नव्हतं’ एवढ्यावर भागते. ज्या व्यवस्थेत उपचार करणाऱ्याला जाब आणि न करणाऱ्याला माफी, तिथे कितीही हुशार यंत्र आणले तरी ते रेफरची चिठ्ठीच लवकर छापून देणार.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच देशभावंडांनी करून दाखवला आहे. तमिळनाडूत छोटी रुग्णालये, रुग्णवाहिका आणि कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालये एका साखळीत बांधली गेली. २,४२० रुग्णांचा तो अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा कार्डिऑलॉजी’त आला. साखळी बांधण्याआधी वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्के होते, नंतर १४.२ टक्के झाले. त्यात नवलाचे यंत्र एकही नव्हते. कुणी काय करायचे हे आधी ठरलेले होते आणि छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरच्या पाठीशी मोठे रुग्णालय उभे होते.

तंत्रज्ञानाच्या बातम्या मात्र वेगळ्याच येतात. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादेतल्या रुग्णांवर रोबोटच्या मदतीने अँजिओप्लास्टी केली. कौतुक करावे अशीच गोष्ट. पण रुग्णाच्या रक्तवाहिनीत नळी घालायला, गरज पडली तर हाताने काम पुरे करायला अहमदाबादच्या कॅथलॅबमध्ये पूर्ण चमू उभा होता. पुढे तो रोबोट बनवणारी कंपनी विकत घेणाऱ्या सीमेन्स हेल्थिनीअर्सने २०२३ मध्ये हृदयाच्या कामातून त्याला मागे घेतले. दासव्यात रोबोट बसवायचा तर आधी कॅथलॅब आणि तिचा सगळा चमू बसवावा लागेल, मग रोबोट कशाला?

मला जास्त आशा वाटते ती कमी झगमगाटाच्या एका प्रयोगाची. अमेरिकेत आठ परिचारिकांना, ज्यांनी आधी कधी इको केला नव्हता, संगणक ‘प्रोब थोडा डावीकडे, जरा फिरवा’ असे सांगत गेला आणि त्यांनी २४० रुग्णांचे इको केले. हृदयाचा आकार आणि पंपिंग पाहण्यापुरती चित्रे जवळपास सगळ्यांचीच मिळाली. २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हे उद्या करायचे म्हटले तर गर्भलिंगनिदानाचा कायदा आडवा येतो. सोनोग्राफीचे यंत्र (इकोचेही त्यातच आले) नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, ते कुणी आणि कुठे वापरायचे यावरही बंधने आहेत. बीडमधला स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास पाहता ती बंधने सैल करा असे मी म्हणणार नाही. फक्त छातीपलीकडचे काही दाखवणारच नाही असे यंत्र बनवता आले, तर त्याची वेगळी नोंदणी करण्याचा विचार सरकारने करावा.

तोवर पैसा कुठे जावा? नव्या कॅथलॅबच्या फिती कापण्यात नको. कॅथलॅब चालवायला तंत्रज्ञ लागतात. त्यांच्या व्यवसायाला कायद्याने ओळख मिळायलाच २०२१ उजाडले. आज सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांपैकी कितीतरी जण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. ईसीजी काढायला शिकवलेली सिस्टर पुढच्या वर्षी तिथे असेलच याची खात्री नसेल, तर दरवर्षी नव्याने शिकवायचे. १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो ही महाराष्ट्राची २०१४ पासूनची जमेची बाजू आहे. त्या डॉक्टरला शिकवा, फोनवर तज्ज्ञाचा आदेश नोंदवून घ्या आणि त्या आदेशाची जबाबदारी तज्ज्ञाची, असे लेखी ठरवा. मोसे खोऱ्यातून पौडचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे तर मुख्य रस्त्याने पिरंगुटला येऊन पुण्याकडे पाठ करावी लागते. म्हणून इंजेक्शन गाडीतच हवे.

मुळशीकर वाचकांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत रस्ते आणि पाणी झाले की आरोग्य विभागाच्या माणसाला तीन प्रश्न विचारा. आपल्या जवळच्या केंद्रात रात्री ईसीजी कोण काढतो? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आज साठ्यात आहे का? आणि ते द्यायचा आदेश फोनवर कोण देणार? तिन्ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.