चार्जरच्या लाल दिव्याला फसवू नका

विजेवरची गाडी घरी चार्ज करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. पाऊस सुरू झाला आहे, पार्किंगची फरशी ओली आहे. आज रात्री गाडी लावण्याआधी बटण बंद करून प्लग बाहेर काढा आणि नीट पाहा. भिंतीतलं सॉकेट आणि गाडीची केबल यांच्यामध्ये एखादा छोटा जोडप्लग आहे का? ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम सुटेल’ म्हणून कुणी दिलेला? असेल तर तो आत्ताच काढून मोडून टाका.

गाडीबरोबर येणाऱ्या केबलला मध्ये एक डबा असतो. वीज सोडण्याआधी तो अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून दोष दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. जुन्या सोसायट्यांत, वाड्यांत हे हमखास होतं. सॉकेट तीन पिनांचं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायर नसते, किंवा असली तरी जमिनीपर्यंत पोचलेली नसते. मग कुणीतरी प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून देतो. असे तयार जोडप्लग विकतही मिळतात. डबा फसतो, गाडी चार्ज होते, घरचे निर्धास्त झोपतात.

आता त्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलट जोडलेले असतील तर? आपल्याकडे ही चूक दुर्मीळ नाही. अशा वेळी 230 व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. न्यूट्रल वाटेत कुठे तुटला, तरी घरात चालू असलेल्या फ्रिजमधून, दिव्यांमधून फिरून वीज तिथेच पोचते. टायर रबराचे असल्यामुळे ती जमिनीत उतरत नाही. दाराला हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहत पत्र्यावर थांबून राहते. डब्यातलं संरक्षण इथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण हा प्रवाह अर्थिंगच्या वायरीतून जातो आणि त्या वायरीतल्या प्रवाहावर बहुतेक डब्यांची नजर नसते. गाडीभोवती खेळणारी मुलं आणि पहाटे गाडी पुसायला येणारा माणूस यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

लाल दिव्यावर खरा इलाज एकच आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थिंगचा नवा खड्डा करून घ्या, अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत गाडीसाठी स्वतंत्र वायर ओढा. त्या वायरीवर योग्य एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच.

सॉकेट आणि वायर निवडतानाही घाई नको. गीझरही बरीच वीज ओढतो, पण तो थोडाच वेळ चालतो. गाडी मात्र 15 अँपिअर वीज सलग आठ-नऊ तास ओढते. सॉकेटची पकड सैल असेल आणि तिथे ओहमच्या पाचव्या भागाइतकाच जरी अडथळा असला, तरी त्या एका टोकावर 45 वॅट उष्णता तयार होत राहते. प्लास्टिक काळं पडतं, वितळतं. म्हणून 6 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावायची नाही, मल्टिप्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही, आणि लांब केबलचं वेटोळं करून त्यावरून रात्रभर वीज न्यायची नाही. सॉकेट 16 अँपिअरचं, चांगल्या कंपनीचं घ्या. त्यामागची वायर तांब्याची, साधारण 4 चौरस मिलिमीटरची असू द्या. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड.

32 अँपिअरची महाग केबल घेतली की गाडी लवकर चार्ज होईल, असं अनेकांना वाटतं. गाडीतला चार्जरच 3.3 किलोवॅटचा असेल तर तिचा काही उपयोग नाही. 7.2 किलोवॅटचा असेल तर मात्र भिंतीवर बसणारा चार्जर लावा, आणि मंजूर लोड पुरेसा आहे ना हे त्याआधी तपासा. साध्या सॉकेटवर तेवढा भार टाकू नका.

सोसायटीच्या समित्यांनाही हात जोडून सांगणं आहे: स्वतंत्र वायरिंगच्या अर्जांवर बसून राहू नका. परवानगी अडली की लोक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडतात, आणि ती पावसात लोंबत राहते. महावितरण गाडीसाठी वेगळं मीटर देते. अर्जदाराला लागणारं ना-हरकत पत्र या आठवड्यात द्या.

काम पूर्ण होईपर्यंत गाडी सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर चार्ज करा. गैरसोय होईल, थोडे पैसे जास्त जातील, पण तोवर घरच्या त्या सॉकेटला हात लावू नका. आणि ‘काही होत नाही हो’ म्हणत कुणी न्यूट्रल-अर्थिंग जोडून द्यायला निघाला, तर त्याला काम देऊ नका. शेजाऱ्यालाही सावध करा.